येझदीच्या टाकीला डाख की वेल्डिंग?

प्रश्न : मिस्त्रीकाका, वडिलांची १९८२ ची येझदी रोडकिंग आहे. टाकीच्या बुडाशी, शिवणीला सतत ओल असते. सकाळी जिन्याखाली पेट्रोलचा वास कोंडलेला असतो. इपॉक्सीची लांबी भरून पाहिली, थोड्याच दिवसांत सुटली. ओळखीचा वेल्डर म्हणतो, "टाकी रिकामी करून आणा, पाच मिनिटांत टाका मारतो." द्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. कितीही ओळखीचा असो, नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट. जळते ती पेट्रोलची वाफ; हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. नुसत्या ओतून काढलेल्या टाकीत नेमकं तसलं मिश्रण होऊ शकतं. एकदा विसळून भागत नाही. शिवणीच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल दडून बसतं आणि शेक लागला की बाहेर येतं. आणि गाडी आजच्या आज जिन्याखालून काढा. ही वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचते, आणि जिन्याखाली लाइटचे मीटर असतातच.

आता गळतंय कुठे ते बघा. थेंब बुडाशी लोंबतो म्हणून भोक तिथंच असतं असं नाही. तुमची गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं. पेट्रोल उडून जातं, ऑइलचा चिकट ओघळ मागे राहतो. त्या ओघळाचं वरचं टोक शोधा. टाकी बाहेरून धुवा, पुसून कोरडी करा, शिवणीवर खडूची पूड चोळा. पूड पहिल्यांदा जिथं भिजेल तिथं खूण करा. पुष्कळदा टाकी बिचारी शाबूत असते आणि पेट्रोलच्या कॉकचा (तोटीचा) वॉशर गेलेला असतो!

भोक शिवणीतच निघालं तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. डाख (सोल्डरिंग) देण्यात त्यांचा हात बसलेला असतो. डाख दोन-अडीचशे अंशांत वितळतो, टाकीजवळ ज्योत न्यावी लागत नाही. लांब तापवून आणलेली तांब्याची जाड आयर्न पुरते. तरी टाकी धुऊनच द्यायची. कॉक काढा, गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून खळखळवा, वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग भोक वर येईल अशी टाकी टेकवून भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायला सांगा, म्हणजे वाफेला फारशी जागा उरत नाही. रंग खरवडल्यावर पत्रा अंगठ्याने दबत असेल तर नुसता डाख टिकणार नाही, पितळी पत्र्याचं ठिगळ घालून घ्या.

गंज आतून येतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, बुडाशी बसून पत्रा खातं. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल (कोण जाणे, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल), ते ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आतून ऑइल फिरवून ठेवा. लायनर (टाकीला आतून बसणारा लेप) ओतायचा सल्ला मी सहसा देत नाही. गंजावर ओतलेला लायनर पापुद्र्याने सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.

प्रश्न : अक्कलकोटच्या वाटेवर टाकी गळायला लागली तर?

उत्तर : गाडी बंद करा, इंजिन गार होऊ द्या, कपड्याचा कोरडा साबण भोकावर दाबून रगडा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरापर्यंत पोचवतो. पावसाळ्यात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.