उन्हा-वाऱ्याच्या देशात अणुभट्टी हवीच का?

प्रश्न: ऑस्ट्रेलियात ऊन भरपूर, वारा भरपूर, युरेनियमचे जगातले सगळ्यात मोठे साठे पण तिथेच, तरी तिथे एकही अणुवीज केंद्र नाही असं कळलं. रात्री सोलर बंद, वाराही कधी कधी पडतो, मग अणुऊर्जा हाच उपाय ना? की लोक उगाच घाबरतात?

उत्तर: भीती आहे थोडीफार, पण खरं कारण ते नाही. सिडनीजवळ लुकास हाइट्सला ओपल नावाची 20 मेगावॉटची संशोधन अणुभट्टी आहेच, औषधांना लागणारे आयसोटोप, म्हणजे किरणोत्सारी अणू, तिथे बनतात. वीज केंद्राला मात्र 1998-99 च्या कायद्यांनी बंदी आहे, 2024 मध्ये विरोधी पक्षाने जुन्या कोळसा केंद्रांच्या सात जागांवर अणुभट्ट्या बांधू म्हटलं होतं, पण 2025 ची निवडणूक ते हरले.

आता मुख्य गोष्ट. अणुभट्टी बांधायचा खर्च अफाट, त्यामानाने इंधन स्वस्त, त्यामुळे ती रात्रंदिवस फुल लोडवर चालली तरच पैसे वसूल होतात. आणि तिथे 40 लाखांच्या वर छपरांवर सोलर बसलंय, दुपारी एवढी वीज येते की घाऊक बाजारात भाव बरेचदा शून्याच्याही खाली जातो, म्हणजे वीज देणाऱ्यानेच वर पैसे मोजायचे! अशा वेळी अणुभट्टीने करायचं काय? लोड कमी करता येतो, फ्रान्समध्ये करतातच, पण कमी चालवली की प्रत्येक युनिट महाग पडतं. खरी ओढाताण संध्याकाळच्या काही तासांची असते आणि तेवढं काम बॅटऱ्या चांगलं करतात.

दुसरं म्हणजे वेळ. फिनलंडच्या ओल्किलुओटो-3 या अणुभट्टीचं काम 2005 ला सुरू झालं, नियमित वीज 2023 ला मिळाली. आता कोणी म्हणेल की यूएईने वाळवंटात, म्हणजे तितक्याच उन्हात, बराकाच्या चार अणुभट्ट्या 2012 ते 2024 मध्ये उभ्या केल्याच की, आणि ते खरंय, मला त्याचं कौतुकही आहे, पण तिथे एकच कोरियन डिझाइन चारदा बांधलं आणि पाठीशी सरकारचा पैसा होता. ऑस्ट्रेलियाची कोळसा केंद्रं म्हातारी झालीयेत, ती एवढं थांबणार नाहीत.

आठवडाभर ढग आणि वारा पडलेला, हा प्रश्न मात्र अवघड आहे, तो मी टाळणार नाही. साउथ ऑस्ट्रेलिया या तिथल्या राज्याने 2016 मध्ये शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं, आज जवळपास 70 टक्के वीज वारा-सोलरची आहे, तरी गॅस आणि शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणारी विजेची लाइन लागतेच. वर्षातल्या अशा थोड्या दिवसांसाठी गॅस किंवा पाणी वर चढवून साठवणारी जलविद्युत ठेवणं मला अणुभट्टीपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

पण म्हणून चालू अणुभट्ट्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये कोळसा चालू ठेवून शेवटच्या तीन बंद केल्या, ते मला चूकच वाटतं.