दशमांशाचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

वेंगुर्ला तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५८. एसटीतून निवृत्त झाले, गेल्या महिन्यात फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून २६ लाख हातात आले. पेन्शन चार हजार, घरखर्च पंधरा हजार. आयुष्यभर हातात आलेल्या पगारातून नियमाने दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, चर्चला दिला. आता प्रश्न असा की, २६ लाखांवर एकरकमी दशमांश द्यायचा की फक्त व्याजावर? चर्चच्या इमारत निधीसाठी २ लाख ६० हजार देण्याची तयारी आहे, पत्नीचा विरोध आहे.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक ओळ: "बाकी रकमेची काळजी नाही, चर्चच्या मंडळीतल्याच एका भावाने चांगली गॅरंटीड पॉलिसी करून दिली आहे. वर्षाला ३ लाख, सात वर्षं. पंधराव्या वर्षी ३६ लाख. तीन आठवड्यांपूर्वी पॉलिसी घरी आली."

साहेब, खरा घोळ या ओळीत आहे.

सात हप्त्यांचे २१ लाख भरून पंधरा वर्षांनी ३६ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, तेही दर तिमाहीला रोख. पण व्याजदरापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. तुमचा पगार थांबलाय. मग हप्ता येणार कुठून? याच पैशांतून. एक हप्ता गेला, २३ लाख उरले. त्यातून दरवर्षी ३ लाख हप्ता आणि पेन्शन वजा जाता घरखर्चाचे सव्वा लाख काढलेत, तर व्याज धरूनही सातवा हप्ता भरेपर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास उरतील. तेव्हा वय ६४. ते पैसे आणखी तीनेक वर्षं पुरतील. पॉलिसी पिकेल तेव्हा तुम्ही ७३ वर्षांचे. मधली सहा वर्षं काय खाणार? महागाई आणि दशमांश मी यात धरलेलेच नाहीत.

"काजूची कलमं आहेत, भागेल" असंही तुम्ही लिहिता. अवकाळी पाऊस मोहोर झाडून टाकतो तेव्हा काय होतं, ते मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. काजू आले तर वरखर्चाला, पोटापाण्याच्या हिशेबात ते धरायचे नाहीत.

रविवारी उपासनेत शेजारी बसणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, हा भरवसा मी समजू शकतो. कदाचित त्याचा हेतूही वाईट नसेल. पण पहिल्या हप्त्यावर एजंटला कमिशन भरपूर मिळतं, आणि निवृत्त माणसाला सात वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं हे चूकच, मग तो मंडळीतला असो की बाहेरचा. "देवाला दिलेलं शंभरपट परत येतं" हे वाक्य त्याने पॉलिसी विकताना वापरलं, असं तुम्ही लिहिता, तेव्हा मात्र माझा संयम सुटतो.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणजे आठवडाभरच उरलाय.

दुसरी मुदतही चालू आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेला एरवी साठ वर्षं पूर्ण लागतात. निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली, तर ५५ नंतरही खातं उघडता येतं. एसटीचे कागद सोबत न्या आणि २२ लाख तिथे ठेवा. महिन्याला साधारण १५ हजार सुटतील, पेन्शन धरून १९ हजार. उरलेले ४ लाख आजारपणासाठी बँकेत ठेवा, त्यांना हात लावायचा नाही.

आता दशमांश. शास्त्राचा अर्थ सांगणं माझं काम नाही, पण तुम्ही बायबलमधल्या मलाखीचा तिसरा अध्याय लिहून पाठवलात म्हणून 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावाही उघडा. तिथे दशमांश सांगितलाय तो दरवर्षी शेतात येणाऱ्या पिकाचा. तुमचे २६ लाख आता शेत झालेत, व्याज हे पीक. आकडेही तेच सांगतात. २ लाख ६० हजारांचं व्याज महिन्याला पावणेदोन हजार. एकरकमी देऊन टाकलेत, तर तुमचं उत्पन्न तेवढ्याने कायमचं घटेल. पेन्शन धरून १९ हजारांचा दशमांश १,९०० रुपये. तो दरमहा दिलात, तर चर्चचा वाटा चुकत नाही आणि मुद्दल तुमच्या हाताशी राहते. उद्या पत्नीला दवाखान्यात न्यावं लागलं, तर इमारत निधीतून पैसे परत मागणार आहात का?

कर वाचेल म्हणून देऊ नका. तुमच्या उत्पन्नावर करच बसत नाही.

आणि आईच्या औषधांचे महिना दोन हजार, जे "सध्या धाकटा भाऊ देतो". मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून आईबापांचा वाटा देवाच्या नावाने वळवणाऱ्यांना येशू काय सुनावतो, ते वाचा. १५ हजार घरखर्च, १,९०० दशमांश, २,००० आईला. शंभर रुपये उरतात. ओढाताण आहे, पण बसतं.

पॉलिसी परत करण्याचा अर्ज उद्याच कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या, एजंटाच्या हाती देऊ नका. मूळ पॉलिसी जोडा, पण आधी तिची झेरॉक्स काढा. पोच म्हणून तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. एजंट घरी येऊन समजावू लागला तर त्याला चहा द्या, सही देऊ नका.