अमेरिकेत देवळाला कॅमेऱ्यांचे पैसे मिळतात, मग आमच्या केंद्राला?

प्रश्न: ताई, मुलुंडला आमचं छोटं केंद्र आहे, नवऱ्याची मारहाण सोसून घराबाहेर पडलेल्या बायका येतात, त्यांना समुपदेशन आणि वकील मिळवून देतो. गेल्या महिन्यात एकीचा नवरा आणि दीर दारू पिऊन आले, दाराची काच फोडली, तेव्हापासून आमच्या सिक्युरिटीवाल्या मावशी यायलाच तयार नाहीत. अमेरिकेत एडिसनला राहणारी बहीण म्हणते तिकडे देवळांना, संस्थांना सरकारच कॅमेऱ्यांचे पैसे देतं. आपल्याला मिळतील का? नाहीतर तिच्या मंडळाकडून मागवू का?
– एक कार्यकर्ती, मुलुंड

उत्तर: पत्र वाचून काळजी वाटली. काच फोडल्याची लेखी तक्रार दिलीत का ते लिहिलं नाहीये, दिली नसेल तर आजच द्या आणि शिक्का मारलेली कॉपी जपून ठेवा, पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहणार आहे.

बहीण सांगते ते खरंय. ९/११ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत धोका असलेल्या देवळांना, संस्थांना सुरक्षेसाठी पैसे देणारी ही योजना (नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्राम) आली, २००५ पासून पैसे मिळतायत, २०२३ साली ३०.५ कोटी डॉलर होते, तेव्हा एका जागेला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. २०१२ साली ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गोळीबारात ११ माणसं गेली, म्हणजे भीती काही कागदावरची नाही. पण पैसे त्या ठराविक पत्त्यासाठीच मिळतात, अर्ज राज्य सरकारमार्फत जातो, आणि बहुतेक वेळा आधी संस्थेने खर्च करायचा मग परतावा. त्यामुळे त्यातलं मुलुंडला काही येणार नाही.

मंडळाने स्वतःच्या वर्गणीतून दिले तरी तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेऊ नका, फार महागात पडेल. बहिणीकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात, तरी सीएला विचारूनच घ्या.

मला त्या अमेरिकन योजनेतली एक गोष्ट मात्र फार पटते, अर्जासोबत त्या जागेची पाहणी जोडावी लागते, धोका कुठून आहे, कुठलं दार कच्चं आहे, कशाला किती खर्च येईल. हे तुम्ही आत्ताच करा, संध्याकाळी सातला स्वतः जिन्यापासून चालत या, लाईट कुठे नाही, मागच्या दाराची कडी कशी आहे, बाई आत आली की दार बंद कोण करतं, सगळं तारखेसकट लिहा, आधी कोण कधी येऊन धमकावून गेलं तेही. असा कागद घेऊन सीएसआरवाल्यांकडे, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी सांभाळणाऱ्यांकडे, जा, बायकांसाठीची कामं त्यांच्या यादीत बसतात, फक्त तुमचं १२ए, ८०जी (या आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची नोंदणी) झालेलं हवं. नुसतं “मदत करा” म्हणणाऱ्यापेक्षा “या दाराला एवढे हजार” म्हणणाऱ्याला पैसे लवकर मिळतात, हे मी बऱ्याच संस्थांचं बघितलंय.

आणि ज्या बाईचा नवरा आला होता तिच्या वकिलाला आजच फोन करा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण आदेश मिळतो, त्यात तुमच्या केंद्राचा पत्ता घालून मागायला सांगा, आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याची झेरॉक्स दारापाशी ठेवा, परत आला तर ११२ लावून पोलिसांना तीच दाखवायची.

मावशींना घरी जाऊन भेटा. त्या एकट्या होत्या म्हणून घाबरल्या असणार, संध्याकाळी सोबत अजून एक जण असेल असं सांगा, आणि खरंच ठेवा.