रेक्टरला माफीनामा लिहून देऊ का?

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय 19. रूम पार्टनरच्या बॅगेत 40 ग्रॅम गांजा सापडला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आता तो जामिनावर आहे. रेक्टर म्हणतात, ‘मला माहीत होतं, मीही ओढायचो, असं लिहून दे, नाहीतर होस्टेल सोड.’ पोलिसांनीही फोन करून बोलावलंय. मी ओढायचो हे खरं आहे आणि ती सवय सुटत नाही. काय करू?

उत्तर : तो माफीनामा लिहू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मुळे तुमच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. रेक्टर मात्र पोलीस नाहीत. त्यांच्या फाइलमधला तुमच्या सहीचा कागद कोर्टात पुढे येऊ शकतो. दबावाखाली लिहून दिला, असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करताना वर्षं जातात. त्याऐवजी रेक्टरना अर्ज द्या : ‘आरोप लेखी द्या, उत्तराला मुदत द्या, म्हणणं ऐकून घ्या.’ एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्जात खोटं काही लिहू नका. मुलांकडून असे माफीनामे घेतल्याने कॅम्पसवरची नशा कमी होत नाही, ती फक्त लपते, असं माझं स्पष्ट मत आहे.

गांजाचं 1 किलोपर्यंतचं प्रमाण एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात, ‘अल्प’ धरतात. ते बाळगल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजा ओढल्याबद्दल कलम 27 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका खोलीत राहता म्हणून पार्टनरचा माल तुमच्या ताब्यात होता, असं होत नाही. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. पण माल सामाईक कपाटात असता, तर याच कायद्याच्या कलम 35 आणि 54 मधली गृहीतकं (ताबा सिद्ध झाला की दोष धरला जातो, तो खोडायचं काम आरोपीचं) तुमच्यावर उलटू शकली असती. म्हणून बॅग कोणाच्या पलंगाखाली होती, कपाटं कोणाची, किल्ल्या कोणाकडे, हे आजच लिहून काढा आणि वकिलाला द्या. मोबाइलमधले चॅट पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

पोलिसांकडे नम्रपणे लेखी नोटीस मागा आणि तिच्यावरचं कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास, अटक यांचे नियम सांगणाऱ्या कायद्याचं) 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, 35(3) असेल तर संशयित म्हणून. दोन्हीला ठरल्या वेळी हजर राहा, आधी वकिलाशी बोलून. 35(3) च्या नोटिशीचं पालन केलंत, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ज्या उत्तराने तुम्हीच आरोपी व्हाल ते द्यायचं बंधन नाही. तपासातल्या जबाबावर तुमची सही घेता येत नाही (कलम 181), कितीही आग्रह झाला तरी.

आता सवयीचं. उद्याच सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. पुण्यात ससून आहे. केसपेपर काढा, डॉक्टरांना सगळं खरं सांगा. एनडीपीएसच्या कलम 64ए नुसार, कलम 27 चा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. इथे मुलं दोन ठिकाणी चुकतात. मान्यता नसलेल्या खासगी केंद्रात दाखल होतात, किंवा उपचार अर्धवट सोडतात. अर्धवट सोडले की हे संरक्षण काढून घेता येतं. प्रत्येक भेटीची तारखेसह नोंद आणि शेवटी उपचार पूर्ण झाल्याचं पत्र जपून ठेवा. तुमच्यावर आज आरोप नसला तरी आत्ताच सुरुवात करा. उपचार स्वतःहून घेतले, हे दाखवायला पहिल्या केसपेपरची तारीख उपयोगी पडेल.

आईवडिलांना आज संध्याकाळीच सांगा. वकील त्यांना शोधू द्या, दवाखान्यात त्यांना सोबत न्या.