पहिला कॅमेरा घेताना

बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, सगळं बजेट ओतू नकोस. आजची कुठलीही एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरची) बॉडी, अगदी चांगल्या स्थितीतली सेकंडहँडसुद्धा, तुला चार-पाच वर्षं पुरेल. मेगापिक्सेलच्या मागे तर लागूच नकोस. हातात धरून बघ, पकड जमली की झालं.

पैसा लेन्सवर घाल. बॉडीसोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स राहू दे, पण सोबत ३५ एमएम एफ/१.८ घेच (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). आपल्या गोव्यातल्या शिगम्याची (होळीच्या सणाची) मिरवणूक अंधार पडल्यावर रंगते. किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते, एफ/१.८ ला त्याच्या साडेनऊ पट प्रकाश आत येतो. कमी प्रकाशात शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, मग रोमटामेळात (शिगम्यातल्या ढोल-ताशांच्या सामूहिक नाचात) ढोल बडवणारे हात नुसते फराटे दिसतात. पणजीतल्या फोंताइन्याशच्या अरुंद गल्ल्यांतही हीच लेन्स कामी येते. चोडण बेटावरच्या खारफुटीतला खंड्या टिपायचा तर निदान ३०० एमएम हवी, पण ती पुढच्या वर्षी.

आणि कोरडा डबा, तो मात्र पहिल्याच दिवशी आण! मी एक लेन्स अख्खा पावसाळा बॅगेत, कपाटात ठेवली होती. चतुर्थीला काढून उजेडात धरली, तर काचेच्या आत कोळिष्टकासारखे बारीक पांढरे तंतू. बुरशी. फार जीव हळहळला. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक बस आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेव. मिरामारच्या किनाऱ्यावरून आलास की खारं पाणी लागलेली बॉडी किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून, सुकवून मगच डब्यात ठेव.