खिडकीतल्या कूलरमध्ये चिमणीनं घरटं केलंय, चार अंडी आहेत. ते कसं काढावं?

मार्च संपत आला, कूलर लावायला मागची ताटी काढली तर आत घरटं आणि चार अंडी, असं तुम्ही लिहिलंय. आर्वीकडे आमच्या घरी हे दर एक-दोन वर्षांनी होतंच. पावसाळा लागला की कूलर बंद, मग नऊ महिने ती पेटी खिडकीत रिकामी. चिमणीला आणखी काय पाहिजे!

अंडी आहेत तर आत्ता हात लावू नका. चिमणी 11 ते 14 दिवस अंडी उबवते, नंतर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. म्हणजे फार तर महिनाभर. मी कुरकुर केली तेव्हा आई म्हणाली होती, "महिनाभर पंख्यात झोपनं होत नाही का तुले?" कूलरची पिन काढून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीनं बटण दाबेल. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे शिकारीच्याच व्याख्येत येतं.

नुसत्या काड्या असत्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा रोज सकाळी काड्या काढून टाकायच्या. चिमणी चिवट असते, चार-आठ दिवस तिची तुमची जुंपते, मग ती दुसरी जागा बघते.

माझी एक चूक सांगतो. ओसरीच्या टिनाखाली फट होती. चिमण्या दिसल्या नाहीत म्हणून दुपारी सिमेंट लावून ती बुजवली. संध्याकाळी आतून चिवचिव, आणि बाहेर चिमणी चोचीत अळी घेऊन ओल्या सिमेंटला लटकलेली. निसनी लावली, टॉर्च तोंडात धरला, खिळ्यानं सगळं उकरलं. तीन पिल्लं होती, वाचली. आता फट बुजवायच्या आधी तिथे कागदाचा सैल बोळा कोंबतो. दोन दिवस तो जागचा हलला नाही, तरच माल कालवतो.

पिल्लं उडाली की त्याच दिवशी घरटं काढा, कारण त्याच घरट्यात ती पुन्हा अंडी घालते. कोरडं झाडू नका, विष्ठेची धूळ छातीला वाईट. आधी पाणी शिंपडा, तोंडाला दुपट्टा बांधा, ओलं झालं की थैलीत भरून टाका. घरट्यात बारीक किडे असतात, पक्षी गेले की ते माणसाला चावतात. म्हणून पेटी साबणाच्या पाण्यानं धुऊन एक दिवस उन्हात ठेवा. घरट्याच्या काड्या मोटरपाशी राहिल्या तर जळायची भीती, तिथे नीट बघा.

फटींना अर्धा इंची लोखंडी जाळी लावा. चिमणीला सव्वा इंचाचं भोकही पुरतं. नायलॉनची जाळी मात्र नको. आमच्या कोठ्यात तिच्यात एकदा धामण अडकली होती, सोडवायला अर्धा दिवस गेला. असं काही झालं तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

पारव्यांचं गणित निराळं. अंडी दोनच, पण उबवण्यापासून पिल्लू उडेपर्यंत दीड-पावणेदोन महिने. सज्जावर उतरता टिन ठोकला की त्यांना बसायलाच जमत नाही.

चिमणीला दुसरी जागा द्यायची असेल तर सव्वा इंची भोकाची लाकडी पेटी आठ-दहा फुटांवर सावलीत टांगा. टिनाचा डबा नको, एप्रिलमध्ये त्यात पिल्लं भाजतील. आणि यंदा जूनमध्ये कूलर काढला की युरियाच्या रिकाम्या थैल्या उसवून त्याला चारी बाजूंनी सुतळीनं बांधा. वरची बाजू विसरू नका, मी विसरलो होतो.