थ्रीडी मॉडेलिंग येत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढून चित्र बनवण्याची पद्धत) वापरून निसर्गदृश्यं आणि अमूर्त चित्रं कशी करता येतील?

पॉव्ह-रे घ्या. १९९१ पासूनचं सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्तस्रोत. यात माउसने आकार ओढत बसायचं नसतं. कॅमेरा कुठे, प्रकाश कुठून, वस्तू कोणत्या, हे सगळं मजकुरात लिहायचं आणि रेंडर करायचं, म्हणजे संगणक त्यावरून चित्र बनवतो. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर फारच छान.

डोंगरांसाठी 'हाइट फील्ड' वापरा. त्याला एक करड्या छटांचं चित्र द्यायचं. जो भाग जितका उजळ, तितकी तिथली उंची जास्त. ८ बिटचं चित्र दिलंत तर उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मिळतात आणि उतारावर भातखाचरांसारख्या पायऱ्या दिसू लागतात. १६ बिटचं पीएनजी द्या, म्हणजे ६५,५३६ पातळ्या मिळतील. 'स्मूथ' हा शब्दही लिहा, म्हणजे उतार गुळगुळीत दिसतील.

मग धुकं घाला. माझ्या मते निसर्गदृश्याचा जीव धुक्यातच असतो; मागच्या रांगा फिकट झाल्या की अंतर जाणवायला लागतं. सूर्य डोक्यावर नको, क्षितिजाजवळ ठेवा. उतारांचा उठाव लांब सावल्यांमुळेच कळतो.

अमूर्त चित्रासाठी आरशासारखे चार गोल असे रचा, की प्रत्येक गोल उरलेल्या तिघांना टेकेल. भोवती वेगवेगळ्या रंगांच्या भिंती उभ्या करा आणि कॅमेरा मधल्या फटीकडे वळवा. प्रतिबिंबात प्रतिबिंब उमटत अप्रतिम फ्रॅक्टल (लहान होत पुन्हा पुन्हा येणारी नक्षी) तयार होतं! आतला भाग काळा राहिला तर 'मॅक्स ट्रेस लेव्हल' (किरण किती वेळा परावर्तित होऊ द्यायचा याची मर्यादा) वाढवा, कारण ती मुळात ५ वरच असते.